घरची साउंड सिस्टीम जुळवताना मी केलेल्या सहा चुका (आणि त्या प्रयोगशाळेतही कशा होतात)



मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न कसा ठरवायचा ते पाहिलं. आजचा विषय वाटायला वेगळा आहे, पण शेवटपर्यंत वाचलात तर तो वेगळा नाही हे लक्षात येईल. माझा स्वतःचा विषय ध्वनिशास्त्र नाही. मी भौतिकशास्त्रात पातळ थरांवर काम करते. तरीही 'रिसर्च मेथडॉलॉजी'च्या पेपरमध्ये जे शिकले नाही ते मला सांगलीच्या आमच्या हॉलमध्ये दोन स्पीकर आणि एका अॅम्प्लिफायरने शिकवलं. त्याची किंमतही बरी मोजली.

झालं असं, की फेलोशिपचे अडकलेले एरिअर्स एकदम हातात आले. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. ते मिरजेत वाढले, म्हणजे तंतुवाद्यांच्या गावात. तानपुऱ्याची जवारी नीट लागली आहे की नाही हे त्यांना लांबून कळतं. त्यांच्यासाठी चांगली सिस्टीम घ्यायची असं ठरवलं. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर मिळून ३८ हजार रुपये गेले. दिवाळीत सगळं जोडलं, भीमसेनजींचा अभंग लावला. बाबा दहा मिनिटं ऐकत बसले आणि म्हणाले, "आवाज मोठा आहे गं, पण शब्द सुटत नाहीत. डग्गा सगळं गिळतोय."

मला राग आला. मी म्हटलं, "बाबा, तुमचे कान आता साठीचे झालेत." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आतल्या खोलीत जुन्या ट्रान्झिस्टरवर ऐकू लागले.

हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा येऊ. आता चुका एकेक करून.

चूक पहिली : उपकरण आधी, खोली नंतर

आपण ऐकतो तो फक्त स्पीकरचा आवाज नसतो. स्पीकर आणि खोली यांचा मिळून झालेला आवाज असतो. भिंती, फरशी, छत यांवरून परतलेल्या लहरी मूळ आवाजात मिसळतात. खरेदी करताना मी स्पीकरची तीस परीक्षणं वाचली, पण हॉल एकदाही मोजला नाही.

याबाबतची एक गोष्ट प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत असावी अशी आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत झाली, पण तिच्यातल्या व्याख्यान-सभागृहात व्याख्यान समजेना. बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा, तेवढ्यात वक्ता पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा. हे दुरुस्त करायचं काम भौतिकशास्त्र विभागातल्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. वय २७, नावामागे पीएचडी नाही (ती त्यांनी नंतरही केली नाही). त्यांची साधनं म्हणजे ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचे कान. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात पसरायच्या, नळी वाजवून बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते नोंदवायचं. मग आणखी गाद्या, पुन्हा नोंद. शेवटी सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत.

यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा, की घुमण्याचा वेळ सेकंदांत मिळतो. शोषण मोजायचं एकक कसं समजायचं? एक चौरस मीटरची उघडी खिडकी म्हणजे एक एकक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आमचा हॉल १४ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. म्हणजे साधारण ४० घनमीटर. भिंतींना प्लास्टर, खाली फरशी, जाड पडदे नाहीत. एकूण शोषण ६ एकक धरलं तर घुमण्याचा वेळ एका सेकंदाच्या थोडा वर जातो. तो ०.४ सेकंदांवर आणायचा तर शोषण १६ एकक हवं. हा हिशोब ढोबळ आहे, छोट्या खोलीत आणि खालच्या स्वरांत तो नीट लागू पडत नाही. पण सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट हेही सिस्टीमचे भाग आहेत, एवढं तो नक्की सांगतो.

इथेच एक उपचूक. भिंतीवर अंड्याचे ट्रे किंवा इंचभर फोम चिकटवणं. पातळ थर फक्त वरचे स्वर शोषतो. ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाचार मीटरच्या घरात असते. तिला इंचभर फोम म्हणजे हत्तीला उदबत्तीचा चटका. उलट वरचे स्वर गेल्यामुळे आवाज आणखी बोदा होतो.

*प्रयोगशाळेतलं भावंड :* नमुना काय आहे हे न पाहता उपकरणाची वेळ बुक करणं.

चूक दुसरी : वॅट पाहून विकत घेणं

आपल्या लहानपणी टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' असं लिहून पुढे हजारो वॅट छापलेले असायचे. क्षणभराच्या कमाल शक्तीचा तो आकडा कसा काढायचा याचं एकच ठरलेलं मानक नव्हतं, त्यामुळे त्यावरून तुलना करता येत नाही. पाहायचाच तर सलग मिळणाऱ्या शक्तीचा, म्हणजे 'आरएमएस' म्हणून दिलेला आकडा पाहा, आणि तो किती ओहमला दिला आहे तेही पाहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कान लॉगरिदमने ऐकतो. शक्ती दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबेल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ५० वॅटऐवजी १०० वॅटचा अॅम्प्लिफायर घेतल्याने आवाज दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो.

स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' नावाची ओळ असते, ती वाचा. समजा ८६ डेसिबेल लिहिलं आहे, तर एक वॅट दिल्यावर एक मीटरवर तेवढी पातळी मिळते. घरात बसून ऐकायला सरासरी एखाददुसरा वॅट पुरतो. बाकीची शक्ती लागते ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळींसाठी. ८९ डेसिबेलचा स्पीकर घेतलात तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. मी अॅम्प्लिफायरवर पैसे जास्त घातले आणि स्पीकरवर कमी, म्हणजे नेमकं उलटं केलं.

ओहमचा मुद्दाही इथेच सांगते. ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडल्या की अॅम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात. त्याला ४ ओहम चालतात का हे न बघता जोडलं तर तो तापतो, बंद पडतो, कधी कायमचा.

*भावंड :* पेपरमधल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर भुलणं, तो कुठल्या परिस्थितीत मोजला हे न विचारता.

चूक तिसरी : जिथे जागा मिळेल तिथे ठेवणं

आमच्याकडे स्पीकर शोकेसच्या कप्प्यांत गेले, कारण आईला वायरी दिसायला नको होत्या. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. मध्ये १४ फूट. नव्वद टक्के घरांत असंच असतं असं म्हणायचा मोह होतोय, पण आकडा मोजलेला नाही, म्हणून 'बऱ्याच घरांत' एवढंच म्हणते.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक स्वर अडकतात, तारेवर स्थिर लहरी उभ्या राहतात तसे. पहिला स्वर काढायला ध्वनीचा वेग (सुमारे ३४५ मीटर प्रतिसेकंद) लांबीच्या दुपटीने भागायचा. आमच्या १४ फुटांसाठी, म्हणजे ४.२७ मीटरसाठी, ४० हर्ट्झ येतात. दुसरा स्वर त्याच्या दुप्पट, सुमारे ८१. रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट, त्यामुळे दोघांचा पहिला स्वर एकच, ५७ हर्ट्झच्या आसपास, आणि तो दुहेरी फुगतो. म्हणून तिन्ही मापं सारखी असलेली खोली गाण्याला सगळ्यात वाईट.

आता मुख्य मुद्दा. या स्थिर लहरींचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो. म्हणजे भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलेल्या माणसाला हे स्वर सगळ्यात फुगून ऐकू येतात. तिथे कोण बसायचं? बाबा. मी कुठे बसून 'मस्त वाजतंय' म्हणत होते? स्पीकरसमोर फरशीवर, खोलीच्या मध्याच्या जरा पुढे. आम्ही दोघं दोन वेगळे आवाज ऐकत होतो आणि एकाच आवाजावर भांडत होतो.

*भावंड :* दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत तेव्हा समोरच्याला चूक ठरवणं, त्याने मोजमाप कुठे घेतलं हे न पाहता.

चूक चौथी : एका वेळी दोन गोष्टी बदलणं

हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. मी केबल बदलली. दुकानदाराने 'साधी वायर आवाज अडवते' म्हणून सांगितलं आणि मी ६ हजारांची केबल घेऊन सांगलीला गेले. जोडली, आणि काय आश्चर्य, घूम कमी झाली! डग्गा जागेवर आला. माझा आनंद गगनात मावेना. बाबांना हाक मारली. ते ऐकून म्हणाले, "डग्गा गेला खरा, पण गाणारा पण कुठेतरी गेला. कुठे बसलाय तेच कळत नाही."

मी मनात म्हटलं, यांना काहीच आवडत नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा घरी गेले तेव्हा सहज मागे वाकून पाहिलं. डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्या टर्मिनलमध्ये होती. एका स्पीकरचे लाल-काळे उलटे झाले की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खालचे स्वर एकमेकांना खोडतात. म्हणून घूम कमी झाली होती. गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखाच येतो, म्हणून तो मधोमध ऐकू यायला हवा. तोही विस्कटला होता. बाबांनी लक्षणं अचूक सांगितली होती. मी श्रेय केबलला दिलं.

तपासायची सोपी रीत : रेडिओवरच्या बातम्या लावा. निवेदक दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मध्ये बसून बोलतो आहे असं वाटलं तर जोडणी ठीक. आवाज पसरट, दिशाहीन वाटला तर अॅम्प्लिफायर बंद करा, एकाच स्पीकरची लाल-काळी अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. वायरचा एकही सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका.

*भावंड :* नवं रसायन घातलं, त्याच दिवशी भट्टीचं तापमानही बदललं, आणि निकाल चांगला आला म्हणून रसायनावर पेपर लिहायला घेतला.

चूक पाचवी : हिशोब न करता विश्वास ठेवणं

केबलचं गणित दहा मिनिटांचं आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०७५ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे एक टक्क्याहून कमी, पातळीतला फरक डेसिबेलच्या दहाव्या भागाहूनही कमी. इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळणारी वायर इथे पुरते. फार बारीक वायर खूप लांब नेलीत तर मात्र फरक पडू शकतो, म्हणून हिशोब करायचा.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा ओहमचा नियम मला येत होता. मी तो दुकानात वापरला नाही, एवढंच.

*भावंड :* महिनाभराचा प्रयोग सुरू करण्याआधी 'अपेक्षित परिणाम किती मोठा असेल?' हा अर्ध्या पानाचा अंदाज न काढणं.

चूक सहावी : डोळे उघडे ठेवून ऐकणं

लाल-काळी सरळ केल्यावरही मला वाटत होतं, की महाग केबल 'थोडी तरी' चांगली वाजते. हे मी सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "रीडिंग कुठे आहे?"

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी लोकांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर दिसत असताना ऐकवले. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण त्याच्या आकाराने, किमतीने, नावाने बदलले. ऐकणारे यात अनुभवी लोकही होते. म्हणजे हा कमीपणाचा मुद्दा नाही, मेंदूच तसा चालतो.

दुसरा सापळा पातळीचा. दोन आवाजांत किंचित मोठा असेल तो आपल्याला 'चांगला' वाटतो. शिवाय आवाज हळू केला की कानाला खालचे स्वर जास्त कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून दोन अॅम्प्लिफायरची तुलना करायची तर आधी पातळी जुळवा. एक हजार हर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, ते एक-दोन टक्क्यांच्या आत सारखं आणा.

आम्ही घरी केबलची चाचणी केली. धाकटा भाऊ मागे, मध्ये चादर. दर वेळी तो नाणं उडवायचा, छापा आला तर महाग केबल, काटा आला तर साधी वायर. कुठली लावली ते तो वहीत लिहायचा, मी माझं उत्तर वेगळ्या कागदावर. दहा फेऱ्या. माझी उत्तरं सहा बरोबर आली. बाबांची पाच.

सहा बरोबर म्हणजे निम्म्याहून जास्त, असं म्हणून खूश व्हायचं का? नुसत्या अंदाजाने दहापैकी सहा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळपास ३८ टक्के आहे. आठ किंवा जास्त यायची साडेपाच टक्के, नऊ किंवा जास्त यायची सुमारे एक टक्का. म्हणजे नऊ आले असते तर मी काहीतरी दावा करू शकले असते. आणि किती आले तर दावा करायचा, हे चाचणीच्या आधी ठरवायचं, निकाल बघून नाही.

यातून 'केबलने कधीच फरक पडत नाही' असंही सिद्ध होत नाही. दहा फेऱ्यांत मला फरक ओळखता आला नाही, एवढंच सिद्ध होतं. थीसिस लिहिताना हा फरक जपा, परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

मग काय केलं?

फोनवर स्वर काढणारं अॅप आणि लॅपटॉपवर आवाजाची पातळी नोंदवणारं मोफत सॉफ्टवेअर घेतलं. साधा माइक खालच्या स्वरांत कमी पडतो, पण माइक तोच ठेवून 'इथे आणि तिथे' अशी तुलना करायला चालतो. बाबांच्या जागेवर ८० हर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा दिसला. सूत्राने सांगितलेल्या ८१ च्या अगदी शेजारी.

सोफा अडीच फूट पुढे घेतला. गणित म्हणत होतं, की तिथे हा स्वर ७ डेसिबेलने उतरायला हवा. मोजमापात ६ आले. मग स्पीकर शोकेसमधून काढून स्टुलांवर, भिंतीपासून दोन फूट पुढे आणले, कानाच्या उंचीवर. शेवटी सतरंजी आणि जाड पडदे. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजलं आणि वहीत तारीख टाकून लिहिलं. या सगळ्याला तीन हजार रुपयेसुद्धा लागले नाहीत. सोफ्याबद्दल आईची आधी कुरकुर होती, मग म्हणाली, "बरं झालं, मागून झाडता तरी येतं."

तुम्हाला सिस्टीम जुळवायची असेल तर हा क्रम घ्या : आधी खोलीची मापं आणि बसायची जागा, मग स्पीकर, मग त्यांना पुरेल असा अॅम्प्लिफायर, मग साधी जाड वायर. त्यानंतर जागा सरकवून बघणं. आणखी पैसे सगळ्यात शेवटी.

आता त्या वाक्याकडे येते. 'तुमचे कान साठीचे झालेत.' वयानुसार कानाला वरचे स्वर कमी ऐकू येतात हे खरं आहे. पण बाबांची तक्रार वरच्या स्वरांची नव्हतीच. डग्गा शब्द गिळतोय, असं ते म्हणत होते. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त ते माझ्या खरेदीच्या विरोधात जात होतं. म्हणून मी निरीक्षण तपासण्याऐवजी निरीक्षकालाच नापास केलं. ३८ हजार खर्च केले की माणूस आंधळा होतो, तसाच तीन वर्षं खर्च केली की थीसिसबाबतही होतो. ग्राफमधला न बसणारा बिंदू 'नॉइज' म्हणून खोडायच्या आधी तो कोणत्या जागी बसून मोजला गेला ते एकदा बघा.

केबल परत घेतली गेली नाही. ती मी माझ्या टेबलासमोर टांगून ठेवली आहे, ६ हजारांची आठवण म्हणून.

सोफा सरकवला त्या संध्याकाळी मी बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे. तोच अभंग परत लाव." पूर्ण ऐकला. मग म्हणाले, "आता तानपुरा दिसतोय."

ट्रान्झिस्टर सध्या स्वयंपाकघरात आहे.